गवती चहा

छातीवरच्या काळ्या पाटीवर लिहिलंय: एल्डर साळवे.
एल्डर म्हणजे वडीलधारा. वय वर्षं वीस.
फाटकाच्या आत पाटी लावायची,
रस्त्यावर पडताना खिशात टाकायची.
पाठीमागे चुंबक आहे तिच्या,
किल्ल्यांचा जुडगा येऊन चिकटतो.

साडेसहाला उठतो. एल्डर फालेआफा आधीच उठलेला,
सामोआचा. झोपला की पाय पलंगाबाहेर वीतभर.
दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेत राहायचं,
न्हाणीघर सोडून.
तेवढ्या चार भिंतींत मी मराठी बोलतो, नळाशी.
जूनमध्ये गार नळालाही कढत पाणी येतं,
रात्रीच बादली भरून ठेवावी लागते.
आईला कळवलं, तर म्हणाली,
एखादा रांजण घे की.

मनामात रविवार शुक्रवारी येतो.
दोन महिने गुडघ्यांना पटलं नाही.

इथं दारं ठोठावायची नाहीत.
मग दिवसभर करता काय, मावसभाऊ विचारतो.
खुर्च्या मांडतो. खुर्च्या उचलतो.
लिगाया नर्सचा फ्रिज तिसऱ्या मजल्यावर नेला,
म्हणजे फालेआफाने नेला,
मी पुढे राहून सावकाश, सावकाश म्हणालो.
वांजिरूला आठवड्यातून दोन तास सुट्टी.
ती येते, शेवटच्या बाकावर बसते, झोपते.
प्रवचन मी तयार केलेलं असतं.
कुणी तिला उठवत नाही. मीही आवाज खाली आणतो.

गुदैबियाच्या गल्लीत दाऊद मुकादमचं दुकान,
दाभोळकडचा, इथे एकतीस वर्षं.
'कुठला रे तू?'
राहुरी.
'म्हणजे उसाचा.'
ऊस दुसऱ्यांचा. वडील कारखान्यात फिटर.
'असू दे. चहा घे.'

आमच्याकडे चहा नाकारणारा माणूस
रुसून आलेला असतो, किंवा आजारी.
पहिल्या दिवशी म्हणालो, पित्त होतं.
दुसऱ्या दिवशीही पित्तच.
रात्री प्रार्थनेत तेच आधी वर आलं,
आंबट.
तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं:
आमच्यात चालत नाही.

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. मान हलवली.
हे तीन शब्द
बांधकामावर, जहाजावर, मालकाच्या मेजवानीत
त्याने स्वतः किती वेळा म्हटले असतील,
आणि समोरचा किती वेळा हसला असेल.
तो हसला नाही.

एकदा फालेआफासाठी सामोसे घेताना
खिशातून किल्ल्या काढल्या, त्यांना लटकून पाटी आली.
दाऊदने वाचली.
एल्डर काय असतं?
वडीलधारा, मी म्हणालो.
त्याने माझ्या मिशीकडे पाहिलं, जी अजून यायचीय,
पाटी माझ्या तळहातावर उलटी ठेवली
आणि पुढे काही विचारलं नाही.
मीही काही सांगितलं नाही.

मग मागच्या बोळात गेला.
तिथे तुपाच्या डब्यात गवती चहाचं बेट,
एसीच्या ठिबकणाऱ्या पाण्यावर वाढलेलं,
बाहेर शेहेचाळीस अंश, आणि हिरवंगार.
कात्रीने चार पाती कापली. आलं ठेचलं.
पावडर टाकली नाही, मला डबा बंद असलेला दाखवून.
'हा चालेल?'
नाव चहाच आहे, मी म्हणालो.
'नावाचं काय. तुझं नाव वडील आहे.'

फालेआफाने ग्लास दोन्ही हातांत धरला,
हातांत तो दिसेनासा झाला.
घामाने निथळत तो काहीतरी म्हणाला त्याच्या भाषेत.
बहुधा आजी.

अजान झाली. दाऊदने टोपी घातली.
'दुकान बघ रे जरा, वडील.'

तर आम्ही दोघे गल्ल्यामागे, पांढरे सदरे, टाय,
किटलीत करक उकळतोय, वेलदोडा नाकात चढतोय.
एक ट्रकवाला आला, गाडी चालूच ठेवून.
दोन करक.
मी उंचावरून ओतला, आईसारखा, एक थेंब सांडला नाही.
दोनशे फिल्स.
साखर अजून देऊ का, विचारलं.
म्हणाला, आधी चाखून बघ ना, गोड आहे की नाही.