साडेचार एमेम

कमरेखाली मी नव्हतो.
पाठीत एक सुई, मग पाय कुणा दुसऱ्याचे,
मध्ये हिरवा पडदा.
मिरजेच्या त्या थंडगार खोलीत
कान तेवढे माझे राहिले,
एकवीस वर्षं कुपवाडच्या शेडमध्ये
लेथवर मुरलेले.

ड्रिल सुरू झालं तसं म्हणालो,
आरपीएम जास्त आहे, डॉक्टर.
सुवार्ता सिस्टर मास्कआडून हसल्या, डोळ्यांनी.
शिरगुप्पे डॉक्टर म्हणाले, पाणी सोडतोय की वरून,
हाड तापलं तर मरतं.
आमच्याकडं त्याला कूलंट म्हणतात.

तीन-दोनचं भोक. गेज आत.
छत्तीस, कुणीतरी आकडा बोललं.
मग टॅप,
पुढं एक फेरा, मागं अर्धा,
चुरा निघावा म्हणून.
ही चाल तर मी पोरांना शिकवतो.
कुणाच्या तरी पायात
माझंच काम चाललं होतं
आणि मी उताणा.

रॅकवरून चार इंची बार घरंगळला होता.
दुखायच्या आधी आवाज आला,
शाळूचं वाळलं ताट मोडावं तसा.
तीन तुकडे.
त्यांना फार हलवायचं नाही, डॉक्टर म्हणाले,
वरून नुसता पूल टाकू. खालचं खाली बघून घेतील.

सातव्या वर्षी डावा हात मोडला, चिंचेवरून पडून.
बुधगावच्या हाडवैद्यानं अंड्याचा बलक मागितला.
आई म्हणाली, आम्ही जैनाची माणसं,
उंबऱ्याच्या आत अंडं येणार नाही.
तो वैतागला, मग म्हणाला, बरं, उडदाचं पीठ आणा.
बांबूच्या कामट्या, लुगड्याच्या पट्ट्या,
आणि मी ओरडू नये म्हणून तोंडात गूळ.
हात जुळला, चार अंश बाहेर.
अजून मायक्रोमीटर धरताना
कोपर जरा लांबच्या वाटेनं आणतो.
पण जुळला.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी फिल्म खिडकीला धरली.
फटीभोवती धुरकट गोळा,
शिकाऊ पोरानं वेल्डिंग केल्यासारखा.
माल जास्त पडलाय, मी म्हणालो,
ग्राइंड कोण करणार?
चाला, ते म्हणाले, तेच ग्राइंडिंग.
जिथं भार येईल तिथं ठेवतं,
नाही तिथलं काढून नेतं.

मग राजमती आणि मी, आणि वॉकर.
पहिल्या दिवशी चौगुल्यांच्या गिरणीपर्यंत,
पीठ पडायचा आवाज ऐकत उभा राहिलो, घाम पुसत.
ईएसआयचे पैसे अडीच महिन्यांनी आले.
माझ्या मशीनवर शीतल नावाचा पोरगा बसवला होता,
फोन करून विचारायचा, काका, पितळेला फीड किती ठेवू?
मी सांगायचो.
रात्री पाय उशीवर ठेवून पडलो की
आत काहीतरी खाजायचं, खूप खोल,
नख पोचणार नाही तिथं.
ड्रॉइंग नाही, फोरमन नाही,
माप सांगणारं कुणी नाही.
नुसती रात्रपाळी चाललेली.

दीड वर्षानं प्लेट काढली.
दोन महिने पळू नका, डॉक्टर म्हणाले,
भोकं अजून भरायची आहेत.
पळतोय कुठं मी, डॉक्टर, या वयात.
सुवार्ता सिस्टरनी सामान धुऊन
गोळ्यांच्या पाकिटात घालून दिलं.
राजमती म्हणाली, घरात नको ते.
टूलबॉक्सच्या खालच्या खणात ठेवलं, चिंधीत गुंडाळून.

पहिल्या पाळीला, चहाच्या सुट्टीत,
शेडमध्ये कुणी नसताना
एक स्क्रू व्हर्नियरला लावला.
चार पॉइंट चार आठ.
दोन शतांश कमी.
कदाचित मुळातच तेवढा असेल.
कदाचित माझ्यात राहिले असतील.
परत एकदा मोजला,
आणि शीतल येताना दिसला तसा
खिशात टाकला.