थर्ड गेटची यादी

परशरामचा पोरगा वही ठेवून गेला.
"आत्या, बँडच्या सगळ्या अल्बमांची यादी कर, सालवार.
लेबलं तूच लिहायचीस ना?"
मीच. घरात माझं एकटीचंच अक्षर वाचता यायचं.

एक. 'थर्ड गेट', एकोणनव्वद. साठ मिनिटांची कॅसेट, चाळीस नग.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, रविवारी, भट्टी थंड असताना.
पहिलं गाणं सात मिनिटांचं,
कारण तिसरं रेल्वेगेट पडलं की सात मिनिटं उघडायचं नाही
आणि ते सुचलं सायकलीवर एक पाय टेकून.
मध्येच एक साखळी खणखणते. ते वाद्य नाही,
क्रेन आहे. सॅव्हियो म्हणाला, राहू दे.

दोन. 'चौदाशे डिग्री'.
विरूपाक्ष ड्रम कुठं शिकला, लोक विचारतात.
वडगावात एका छपराखाली बारा माग,
प्रत्येकाची चाल वेगळी,
आणि त्यांच्या मधोमध पाळणा.
तो शिकला नाही. आपण बाकीचे
शांततेत झोपायला शिकलो, एवढंच.

तिसऱ्याचं साल आठवत नाही.
खडेबाजारातला दुकानदार कॅसेट उलटीपालटी करून म्हणाला,
"ह्ये काय वरडूलालेत? देवाचं काय न्हाई?"
तरी पाच ठेवून घेतल्या. पाची खपल्या.
पैसे म्हणून पाव किलो कुंदा आला.

चार. इथं थांबते.
एका बाजूला मराठी गाणी, दुसऱ्या बाजूला कानडी,
गाणारा तोच, वाजवणारे तेच.
मग पहिली बाजू कुठली?
त्या आठवड्यात गावात पाट्यांना डांबर फासणं चाललेलं.
चौघं माझ्या पेनाकडे बघत बसले, जशी मी तहसीलदार.
मी दोन्ही बाजूंना 'अ' लिहिला.
एक देवनागरी, एक कानडी. तोंड दोन्हींना सारखंच उघडावं लागतं.
मैनू सनदी म्हणाला, "बरं केलंस अक्का,
'ब' व्हायला कोण तयार हाय?"
एकही कॅसेट परत आली नाही.

सहा. 'सिंगल फेज'. सीडी.
सीडीला बाजूच नसतात.
लेबलंही छापून यायला लागली,
माझं नाव आभारात, तेही चुकीचं.

सात. निपाणी, तंबाखूच्या वखारीत, लोकांसमोर.
नीट ऐकलं तर शिंका ऐकू येतात,
तिसऱ्या गाण्यात परशरामचीसुद्धा, सुरात.
मैनूचं हे शेवटचं.

आठमध्ये बास नाही.
कुणी विचारलं तर परशराम सांगतो, आहे, कान देऊन ऐका.
मी ऐकलं. नाही.
पण जिथं तो यायचा तिथं विरूपाक्ष किंचित थांबतो,
मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवावं, तसा.

नऊ. 'ओव्हरब्रिज', गेल्या साली.
आता गेटाशी कुणी थांबत नाही,
सगळ्यात लांब गाणं तीन मिनिटांचं.
सॅव्हियो कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतो, मग वाजवतो.
म्हणतो, बोटांना ऐकू येतं.

"आत्या, पाच राहिला."
राहिला नाही, ठेवला होता.
'गेटमन'. मूळ टेप एकच.
विरूपाक्षाच्या अप्पांनी कोरी समजून
तिच्यावर मठातलं भजन भरून घेतलं.
परवा वडगावात जाऊन ऐकलं.
टाळ, म्हाताऱ्यांचे आवाज, अप्पांचा खोकला,
पूर्ण मंगळारती, कुणीतरी चपला शोधतंय,
मग खट्...
आणि टेप संपता संपता
चौघं. गाण्याच्या ऐन पोटात.
मैनूचा एक जाड सूर, परशरामनं श्वास घेतलेला,
आणि संपलं.

वहीत लिहिलं:
पाच. 'गेटमन'. लांबी दीड सेकंद.
शेऱ्याच्या रकान्यात:
आधी भजन ऐकावं लागतं.