चौथ्या मजल्यावरची दुपार

धरमपेठेतल्या ऑफिसात
मी तिजारेबाईंच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला
आणि त्या मानेवाड्याच्या चौथ्या मजल्यावर पोचल्या,
जिथे अजून फक्त खड्डा आहे,
खड्ड्यात पाणी, पाण्यात सेंट्रिंगची फळी.

"ही बेडरूम. समोर रिंग रोड.
आता साधी काच. आता दुहेरी."
त्यांनी डोळे मिटून घेतले.
भिंतीवर कवडसा रंगवला होता मी,
पडद्याला चुण्यासुद्धा.
"बघायचं नाही जी मला. मेडिकलला रात्रपाळी असते.
सकाळी नऊला झोपते मी.
बघणाऱ्याला दुसरा फ्लॅट दाखवा."

मग बोटाने हवेत दाखवत गेल्या:
हा लिफ्टचा दरवाजा, उशीमागून येतो आहे.
ही वरच्यांची खुर्ची.
हा डक्टमधून कुणाचा तरी कुकर.
मी भिंत जाड केली, लिफ्ट जिन्यापलीकडे सरकवली.
दोन क्लिक. आर्किटेक्टला उद्या सांगावं लागेल,
तो चिडेल.
"आता?"
"आता बरं. पण मे महिना आहे ना यात?
उन्ह दिसलं होतं, डोळे मिटायच्या आधी.
मग कूलर काहून नाही वाजत?"

कूलर नव्हताच.
आवाजांच्या संग्रहात एसी होते सत्तावीस,
बर्फावरची पावलं होती.
पत्र्याचा, चार पायांवर थरथरणारा,
ताट्यांवरून पाणी ठिबकवणारा एकही नाही.
नागपुरात जन्मून मी बेचाळीस घरं
कूलरशिवाय ऐकली, मंजूर केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला
हनुमाननगरच्या एका गच्चीवर
डोक्याला दुपट्टा बांधून, माइक धरून बसलो.
खाली ओळीने सहा. प्रत्येकाचा खर्ज वेगळा.
एकाचं बेअरिंग गेलेलं,
तेही घेतलं.

शनिवारी त्या थेट ड्युटीवरून आल्या,
हातांना स्पिरिटचा वास.
शेजारच्या खिडकीत मी सहाही कूलर लावले,
मग भिंत भरत गेलो, फटी बुजवत गेलो.
आकडा उतरत होता.
बेअरिंगवाला तेवढा हटेना.
"आता?"
उत्तर नाही.
तोंड किंचित उघडं, मान डावीकडे कललेली.
न बांधलेल्या भिंतीआड
तिजारेबाई झोपल्या होत्या.

अहवालात 'ग्राहकाचा अभिप्राय' असा रकाना असतो.
तो तसाच ठेवून मी खाली उतरलो,
गेटपाशी टेम्पो रिव्हर्स घेत होता, टूं टूं करत,
त्याला म्हटलं, भाऊ,
जरा थांबतो का पाच मिनिटं.