पाटणकरांचा हप्ता

शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात
आई लिहायची: नोकरी, अन्नखाते.
देशाचं धान्य मोजणारा हा माणूस
वाण्याकडे तुरीचा भाव ऐकून गोंधळायचा.

आडनाव टिपणीस,
पण टिपण एकही ठेवलं नाही मागे.

जेवताना आमचा खेळ असायचा:
आत्ता जिना चढून गेला त्याच्या पायात काय होतं?
चपलेचा अंगठा शाबूत होता का?
उत्तर चुकलं की माझी आंब्याची फोड त्यांच्या ताटात.
सात वर्षांची असताना मी शितळादेवीच्या देवळापासून घरापर्यंत
चारशे बारा पावलं मोजली.
चारशे नऊ, बाबा म्हणाले.
तीन पावलं तू वळून बघण्यात घालवलीस.

आधी नागा टेकड्या, मग लेह,
मग बॅलार्ड पियरच्या एका बिनपाटीच्या ऑफिसात
सहा वर्षं जहाजांच्या याद्या.
मग दिल्ली, आणि ती खुर्ची
जिचं नाव घरात कुणी घेत नसे.
आम्ही माहीमलाच राहिलो.

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी फोन आला.
मागे खडखड, थांबून थांबून.
मला वाटलं, टेलेक्स.
शुद्धीवर येताच आईने विचारलं, आले होते ना?
मी हो म्हटलं.
खोटं बोलायला मला कुणी शिकवलं नाही,
ते आमच्याकडे नळाला यायचं.

निवृत्तीनंतर सोसायटीने त्यांना सेक्रेटरी केलं.
चोरून पंप कोण लावतं हे पहिल्याच आठवड्यात कळलं त्यांना
आणि पाच वर्षं बोलले नाहीत.
एक प्रकाशक आला, आठवणी लिहा म्हणाला.
त्याला चहा दिला, दोन खाऱ्या दिल्या,
आणि दार लावता लावता विचारलं,
मुलाचा दमा कसा आहे आता?
तो पुन्हा फिरकला नाही.

गेले ते एका मंगळवारी.
कपाटात तेरा पेनं, त्यातली बारा कोरडी,
आणि विम्याच्या पावत्यांचं पुस्तक,
कंपनीचं नाव अर्धवट छापलेलं.
दर महिन्याची पाच तारीख. जैनब परकार, माझगाव.
दिल्लीच्या वर्षांतसुद्धा एकही महिना चुकलेला नाही.
आईच्या ऑपरेशनची पाच ऑगस्ट तर नाहीच.

पत्ता शोधत गेले.
टेकडीच्या उताराला धरून बसलेली चाळ,
फॉल-पिको अशी पाटी, जुन्या पीसीओचा पिवळा डबा,
आणि आतून
खडखड, थांबून थांबून.

म्हातारी म्हणाली, दोन महिने पाटणकर आले नाहीत.
विमावाले पाटणकर.
छत्री मुद्दाम विसरायचे,
मग ती न्यायला परत यायचे, पोरं शाळेतून आल्यावर.

भिंतीवर इसाक परकार, बोटीवरचा ग्रीझर.
आखातातल्या कुठल्याशा बंदरात उतरला
तो उतरलेलाच.
फोटोत त्याच्या मनगटावर बाबांचं घड्याळ होतं,
जे समुद्रात पडलं असं आईला सांगितलेलं.

जैनबबींनी दातांनी दोरा तोडला.
"चौदा हजाराची पॉलिसी, बाई, आणि छत्तीस वर्षं हप्ता?
मला हिशेब येतो.
एकदा विचारायचं होतं, कुठे पुरलं त्याला. पुरलं का तरी.
पण त्यांच्या हातात चहाचा कप असायचा,
आणि हात हलायचा.
राहून गेलं."

मग म्हणाल्या, तू त्यांची कोण?

मी म्हटलं, ऑफिसातली.
पाटणकरांची बदली झाली.
"बरं," त्या म्हणाल्या,
पदर डोक्यावर घेतला
आणि पावती फाडायला मला पेन दिलं.

उतरताना पायऱ्या मोजत होते.
सोळाव्या पायरीला वळून बघितलं
आणि आकडा हरवला.
त्या दारात उभ्या होत्या, चष्मा कपाळावर,
डाव्या चपलेचा अंगठा उसवलेला.