किडनीची पेशी

गेन्ट. नोव्हेंबर. साडेचारलाच अंधार.
गोदलीव्ह भिंगाखाली पुन्हा तीच बशी सरकवते.

चेतापेशींच्या शेजारी तिने सोडलीय
एक किडनीची पेशी,
जिला ना विचार ठाऊक, ना आठवण;
फक्त अंगावर चढवलंय
एक उसनं प्रथिन, न्यूरोलिजिन.

आणि आलाय की तंतू!
चाचपडत, बोटबोटभर पुढे सरकत,
बाकीच्यांना नुसता घासून गेलेला,
नेमका हिच्याच अंगाशी थांबलाय,
निरोपांच्या पुरचुंड्या काठाला रचून
बोलायच्या तयारीत.

पलीकडे ऐकणारं कुणी नाही.
ती वहीत लिहिते: हिरवे ठिपके, एकेचाळीस.
त्यापुढे, लिहून खोडलेलं: बिचारा.

ट्रामच्या थांब्यापासून घरापर्यंत चिखल.
कुंपणापलीकडे दोन्दू बाई, मूळच्या एमिर्दाच्या,
तुर्कीत काहीतरी सांगू लागतात, लांबलचक,
कुणाच्या लग्नाचं, नाहीतर मरणाचं.
गोदलीव्हला त्यातलं अक्षर कळत नाही.

पिशवी खाली ठेवून ती हातमोजा काढते,
फाटकावरच्या त्या गार हातावर
हात टेकवते

आणि उभी राहते,
बोलणं संपेपर्यंत.