नणंद-भावजयीच्या मधून

पहाटेची वेल्ह्याची एसटी स्वारगेटहून.
घरी सांगितलं होतं, ग्रुपबरोबर जातेय.
ग्रुपमध्ये मी, पाण्याच्या तीन बाटल्या,
वेताची काठी
आणि फडक्यात बांधलेल्या दोन गुळपोळ्या.

गावाअलीकडच्या फाट्यावर उतरलं
की दोन डोंगर दिसतात,
खांद्याला खांदा लावून उभे,
तोंडं मात्र फिरवलेली.
एक नणंद, दुसरी भावजय.
दोघींवर जायला वाटा आहेत,
दगडांवर चुन्याचे बाणसुद्धा.
एकीवरून दुसरीकडे जायला वाट नाही.
"कोण कशाला जाईल?"
टपरीवरचा भिकोबा म्हणाला,
आणि चहात आलं जरा जास्तच ठेचलं.

नणंदेच्या माथ्यावर नऊला पोचले.
पलीकडे वाकून पाहिलं,
तर अख्खी धार जळलेली.
गेल्या आठवड्यात वणवा उतरला असणार.
कारवीच्या काळ्या काड्या उभ्या,
आणि त्यांच्या पायाशी राख,
करडी, पांढुरकी, बोटभर,
कुणीही न तुडवलेली.

मला बर्फ आठवला.
बावीस वर्षांची होते, उत्तरकाशीच्या वर,
पायांना जाळीच्या पसरट चपला बांधून
बदकासारखी चालत होते
आणि मागून नेगी सर ओरडत होते:
वजन पसर, पोरी, वजन पसर!
बर्फाचा तुझ्यावर राग नाही,
तो आतून पोकळ आहे, एवढंच.

तशीच उतरायला लागले.
पाऊल आडवं, टाच आधी नाही,
सगळा तळवा एकदम.
राखेखाली सुटा मुरूम असतो,
तो दिसत नाही,
फक्त पायाखालून निघून जातो,
न सांगता.
एकदा बसलेच.
काठी चार हात खाली गेली
आणि एका जळक्या बुंध्याशी माझी वाट बघत थांबली.
तळहाताला खरचटलं, राखेने लगेच भरून आलं.
वजन पसरायचं.
डोंगरावर जमतं मला हे.
खाली, घरात,
मी नेहमी एकाच माणसावर उभी राहत आले.

खिंडीत ठकूबाई मरगळे भेटली,
सात शेरडं आणि कंबरेला कोयता.
"कुठनं आलीस?"
नणंदेवरनं.
"तिकडं वाट न्हाय."
मी मागे बोट केलं.
राखेत एक रेघ उतरली होती,
वाकडी, चार ठिकाणी अडखळलेली,
मध्ये एक रुंद फराटा,
बसले होते तिथे.
ठकूबाईने डोळ्यांवर हात धरून ती पूर्ण वाचली,
फराट्याशी आली तेव्हा हसली.
"न्हवती," म्हणाली. "आता हाय की."
मी गुळपोळी दिली.
तिने अर्धी खाल्ली, अर्धी पदराला बांधली
आणि शेरडांना त्या रेघेवर घातलं.

भावजयीवर पाऊण चढले.
पुढे दोन पुरुष उंच कातळ,
धरायला कारवीचं एकच झुडूप.
ओढून बघितलं, मुळासकट हातात आलं.
थोडा वेळ त्याच्याकडे पाहत उभी राहिले.
माथा तिथेच होता,
वर एक घार,
तिला कातळाचं काही नव्हतं.
फिरले.

परतताना माझी रेघ शोधू लागले.
खुरांनी ती हातभर रुंद केली होती,
अडखळलेल्या जागा सपाट,
आणि फराट्यावर ताज्या लेंड्या.
माझं पाऊल एकही वेगळं काढता येईना.
त्यावरून चालणं मात्र सोपं गेलं.

रात्री साडेनऊला बिबवेवाडीत.
दारापासून मोरीपर्यंत
पांढऱ्या फरशीवर काळे तळवे उमटले.
अरविंदने टीव्हीचा आवाज कमी केला.
"कसा होता ग्रुप?"
"चांगला होता," मी म्हणाले.
"परत फिरायचं ठरलं,
तेव्हा कुणी वाद घातला नाही."