कोपरा फाटलेली कार्डं

छापील फॉर्मात सात रकाने.
नाव, वय, जात, धंदा, खोली,
मृत्यूची तारीख, कारण.

कारण विचारलं की चाळ गप्प.
"ताप होता." "दम होता." "बाहेरचं होतं कायतरी."
लग्नाची पोर घरात असली
तर नुसतंच, "देवाक काळजी."
मी लिहितो: श्वास.
साहेब लाल पेन्सिलीने विचारतात: म्हणजे क्षय?

डिलाईल रोडमागच्या आठ चाळी माझ्याकडे,
सत्तावीस सालापासून.
भिंतीला पाठ टेकून धापणारा माणूस
पुढच्या फेरीला नसतो.
वळकटी नसते, खुंटीवरची बंडी नसते.
कुठे गेला?
"बोटीने."

साळखात्यात दोरा तोंडाने ओढतात,
धोट्याच्या भोकाला ओठ लावून.
साचा एकाचा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा बदलीवाल्याकडे,
धोटा तोच.
हे मी अहवालात लिहिलं होतं.
टाइप होऊन आला तेव्हा ते वाक्य नव्हतं.

पावसाळ्यात आमचा आकडा फुगतो.
साहेब म्हणतात, दमट हवा.
आषाढ-श्रावणात बोटी बंद असतात, साहेब,
जाणारे इथेच अडकतात.
हे मी म्हणालो नाही. मनात म्हणालो.

मग तान्हूबाई घाडीची खानावळ सापडली.
चाळीस ताटं, दोन पंगती.
दाराबाहेर, पन्हळीखाली, तारेला अडकवलेली
कोपरा फाडलेली कार्डं.
असली पत्रं वाचून फाडतात, घरात ठेवत नाहीत.
"घरात खंय ठेवलंय? भायरच आसत ती.
जेवलेत माझ्याकडे. फाडू कशी?"

तिला अक्षर येत नाही.
मी वाचत गेलो, ती ओळखत गेली:
मुसाकाजीचा शिवा, त्याला आमटी पातळ लागायची.
देवगडचा लवू, दोन महिन्यांची बाकी.
जैतापूरचा तो, नाव नाही आठवत,
ताट धुऊन ठेवायचा. पुरुष असून.

एकोणचाळीस.
माझ्या वहीत त्या वर्षी बावीस.
साहेबांना वरून शाबासकी आली होती,
वॉर्डात रोग हटतोय म्हणून.

मी फॉर्मावर पट्टीने आठवी रेघ मारली.
वर लिहिलं: बोटीने.
कुणी विचारलं नाही अजून.

काल एक कार्ड आलं. विजयदुर्गचा शिक्का,
धाकू परबाचं. फाल्गुनात गेलेला,
दोघांनी धरून बोटीत चढवलेला.
कोपरा गेलेला आहे,
पण फाडलेला की उंदराने कुरतडलेला, कळत नाही.
आत लिहिलंय:
थोडा दम लागतो. बाकी बरा. साचा दिला का कोणाला?
तारीख नाही.

तान्हूबाई म्हणाली, परत वाच.
परत वाचलं.
तिने कार्ड तारेला लावलं नाही,
पदराला हात पुसून
फळीवरून पालथं ताट काढलं
आणि राखेने घासायला बसली.

आठही रकाने पाहिले मी.
मग शिसपेन्सिलीने, खोडता येईल असं,
समासात लिहिलं:
धाकू.